पाहणं, टिपणं, पसरवणं : अमेरिकेतले कायदे आणि वाचकांचे प्रश्न

चोरून पाहणं किंवा चोरून चित्रण करणं हा अमेरिकेत मुख्यतः राज्याच्या कायद्याचा विषय आहे. केंद्राचा २००४ चा कायदा आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानं, लष्करी तळ, केंद्रीय इमारती अशा केंद्राच्या जागांपुरता. त्यामुळे बाथरूममधला एकच कॅमेरा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका नावाचा गुन्हा ठरतो, टेक्सासमधल्या डॅलसमध्ये दुसऱ्या. आलेल्या प्रश्नांची उत्तरं देताना आम्ही दर वेळी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. नुसतं पाहिलं का? टिपलं का? टिपलेलं दुसऱ्याला दाखवलं का? बहुतेक राज्यांत हे तीन निरनिराळे गुन्हे आहेत आणि त्यांच्या शिक्षाही निरनिराळ्या आहेत. पोलिसांशी बोलताना ही विभागणी डोक्यात असली की तक्रार नेमकी होते.

प्रश्न : आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी न्यू जर्सीत एका घराच्या तळघरात भाड्याने राहतो. मालक आपल्याकडचेच, वरच्या मजल्यावर राहतात. काल बाथरूमच्या छतावरच्या स्मोक अलार्मच्या एका भोकात मला बारीक काचेचा ठिपका चमकताना दिसला. नवरा म्हणतो, काढून त्यांच्या तोंडावर आपटू या. मालकांना मंडळात मान आहे, आमच्यावर कोण विश्वास ठेवणार? (एक वाचक, एडिसन)

ताई, तो अलार्म काढू नका. उघडू नका, त्यावर टॉवेलही टाकू नका. राग समजतो, पण तो अलार्म जिथे आहे तिथे असणं हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. कोणत्या कोनातून काय दिसत होतं, वायर कुठून आली, आतल्या बाजूला कोणाच्या बोटांचे ठसे आहेत, हे सगळं त्या जागेशी बांधलेलं असतं. झाकण टाकलं आणि चित्र थेट फोनवर जात असलं, तर पाहणाऱ्याला त्याच क्षणी कळतं की तुम्हाला कळलंय. मग क्लाउडवरचं चित्रण पुसायला त्याला दोन मिनिटं लागतात. आत मेमरी कार्ड असेल तर ते काढून लॅपटॉपमध्ये घालून बघू नका. नुसतं उघडल्यानेही काही फाइलींच्या तारखा बदलतात, आणि पुढे बचावाचा वकील नेमकं तेच बोट ठेवतो. शिवाय कार्डावर तुमच्या मुलीचं चित्रण असू शकतं. लहान मुलाच्या अशा चित्रणाची प्रत करणं आईवडिलांनाही कायद्याने अडचणीचं ठरू शकतं. ते काम पोलिसांना करू द्या.

बाथरूमच्या दारात उभं राहून एक दुरून आणि एक जवळून, असे दोन फोटो काढा. मग नेहमीसारखं बाहेर पडा. ती बाथरूम वापरणं थांबवा आणि मुलीला घेऊन रात्री मैत्रिणीकडे जा. पोलिसांना फोन घराबाहेरून करा. ९११ चालेल, गावातल्या पोलिसांचा साधा नंबरही चालेल. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून काढा : घरात कधी आलात, अलार्म तेव्हाच होता की नंतर लागला, बॅटरी बदलायला किंवा नळ बघायला कोण कधी आलं होतं, किल्ली कोणाकोणाकडे आहे, वायफाय कोणाचं आहे. बाथरूममध्ये वाफेमुळे अलार्म उगाच वाजतो, म्हणून तिथे तो सहसा लावत नाहीत. ही बाबही आवर्जून सांगा. भाडेकरू म्हणून तुमच्या ताब्यातल्या जागेची झडती घ्यायला तुम्ही संमती देऊ शकता. मालकाच्या फोनसाठी आणि संगणकासाठी पोलिसांना साधारणपणे वॉरंट लागेल.

पहिल्याच जबाबात दोन वाक्यं हवीतच. एक, ही बाथरूम चार वर्षांची मुलगीही वापरते. यामुळे बालकांच्या संरक्षणाची वेगळी आणि जास्त कडक कलमं विचारात येतात. दोन, कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असू शकतो, तेव्हा पोलिसांनी कंपनीला चित्रण जपून ठेवण्याचं पत्र पाठवावं. केंद्राच्या कायद्याने तपास यंत्रणेने असं पत्र दिलं की कंपनीला ती माहिती ९० दिवस सांभाळावी लागते आणि मुदत आणखी ९० दिवस वाढते. वॉरंट मिळेपर्यंत पुरावा टिकतो तो याच पत्रामुळे. अनुभवी डिटेक्टिव्हला हे माहीत असतं, गस्तीवरून आलेल्या पहिल्या अधिकाऱ्याच्या लक्षात येईलच असं नाही. निघताना केस नंबर आणि डिटेक्टिव्हचं नाव लिहून घ्या.

दुभाष्या लागला तर मागा, संकोच नको. मात्र मंडळातल्या ओळखीच्या माणसाला दुभाषी म्हणून नेऊ नका. तो मालकांचाही ओळखीचा असतो, आणि लाजेपोटी नेमके तेच शब्द गाळले जातात जे कायद्याला लागतात. अधिकाऱ्यासमोर ‘बाथरूममध्ये काहीतरी होतं’ असं म्हणून थांबू नका. कपडे काढलेल्या अवस्थेत दिसेल असा त्या कॅमेऱ्याचा रोख होता, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आता कायदा. न्यू जर्सीत ‘इनव्हेजन ऑफ प्रायव्हसी’ हा फौजदारी गुन्हा आहे, कलम २सी:१४-९. संमतीशिवाय नुसतं पाहणं हा चौथ्या दर्जाचा गुन्हा, १८ महिन्यांपर्यंत तुरुंगवास. टिपणं तिसऱ्या दर्जाचा, ३ ते ५ वर्षं. ते चित्रण दुसऱ्याला दाखवणं किंवा पाठवणं हाही तिसऱ्या दर्जाचा, आणि त्यात दंड ३०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. मालकी घराची असली तरी भाड्याने दिलेल्या बाथरूममध्ये डोकावण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल तर तिसऱ्या दर्जालाही न्यू जर्सीत तुरुंगवास झालाच पाहिजे असं नाही. काही प्रकरणं खटल्याआधीच्या देखरेख कार्यक्रमात वळवली जातात. सरकारी वकिलांच्या कार्यालयात पीडितांना मदत करणारा विभाग असतो, तो निर्णय होण्याआधी त्यांना तुमचं म्हणणं लेखी द्या. फौजदारी निकाल काहीही लागो, दिवाणी दावा वेगळा चालतो. राज्याच्या दिवाणी कायद्यात प्रत्येक उल्लंघनामागे किमान १,००० डॉलर भरपाई, शिवाय वकिलाचा खर्च आणि चित्रण न पसरवण्याचा आदेश मागता येतो. भाडं एकदम थांबवू नका. करार मोडायच्या आधी वकिलाला विचारा. उत्पन्न कमी असेल तर ‘लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी’कडे मोफत सल्ला मागता येतो.

मंडळातल्या मानाचं म्हणाल, तर सरकारी वकील मान बघत नाही, कोन आणि वायर बघतो. ‘आपसात मिटवा’ म्हणत कोणी मध्यस्थ आला तर त्याच्याशी बोलू नका. तो कधी आला, काय म्हणाला, ते तारखेसह लिहून ठेवा आणि डिटेक्टिव्हला कळवा.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये एमएससाठी टेक्सासला जातेय. कॅम्पसबाहेर चौघींत अपार्टमेंट घेतलंय, आधीचे आठ दिवस एअरबीएनबीत राहणार आहे. खोली तपासायची कशी? ऑनलाइन मिळणारं कॅमेरा शोधायचं यंत्र घ्यावं का? (एक आई, पुणे)

स्वस्त यंत्र घेऊ नका. रेडिओ लहरी पकडणारी ती यंत्रं राउटर, शेजारचा फोन, मायक्रोवेव्ह, सगळ्यांवर वाजतात, आणि नुसतं कार्डावर साठवणाऱ्या कॅमेऱ्यावर गप्प राहतात. म्हणजे उगाच घाबरवतात किंवा खोटा धीर देतात.

त्यापेक्षा मुलीला हे शिकवा. सामान ठेवल्यावर आधी पलंगावर बसायचं, मग शॉवरखाली कपड्यांसकट उभं राहायचं आणि दोन्ही जागांहून सरळ रेषेत काय काय दिसतं ते पाहायचं. कॅमेऱ्याला जे दिसायला हवं, तिथूनच कॅमेराही दिसतो. घड्याळ, यूएसबी चार्जर, एअर फ्रेशनर, टिश्यूचा डबा, स्मोक अलार्म, व्हेंटची जाळी. नको त्या जागी लावलेला चार्जर उपटून कपाटात टाकायला हरकत नाही. मग दिवे घालवून, पडदे ओढून मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. काचेचं भिंग असेल तर एक टोकदार, स्थिर ठिपका परत चमकतो. प्लॅस्टिकची चमक पसरट असते आणि कोन बदलला की जाते.

तिसरी चाचणी अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी. त्यांचे दिवे डोळ्याला दिसत नाहीत, पण फोनच्या कॅमेऱ्याला जांभळट पांढरे दिसू शकतात. आधी टीव्हीचा रिमोट फोनसमोर धरून बटण दाबून पाहायचं. स्क्रीनवर दिवा लुकलुकला तरच तो फोन या कामाचा. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहायचा, त्यात असा अदृश्य प्रकाश अडवणारी गाळणी बऱ्याचदा हलकी असते. वायफायवर कोणती उपकरणं जोडली आहेत ते दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, पण मालकाने कॅमेऱ्यासाठी दुसरं नेटवर्क ठेवलं असेल तर त्यांत काही दिसणार नाही. तेव्हा शेवटचा भरवसा आपल्या डोळ्यांवरच ठेवावा.

एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली आहे, अगदी जाहीर केलेल्या आणि हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांवरसुद्धा. आत कॅमेरा दिसला की वाद न घालता फोटो काढायचा, बाहेर पडायचं, आधी पोलीस आणि मग कंपनी. कंपनीला आधी कळवलं तर ती यजमानाशी संपर्क साधू शकते आणि तो सावध होतो.

टेक्सासचा कायदा वाचताना फरक लक्षात घ्यावा. बाथरूममध्ये, कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा झाकलेल्या खासगी अंगाचं संमतीशिवाय चित्रण करणं हा २१.१५ कलमाखाली ‘स्टेट जेल फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्हा आहे. त्याची मूळ शिक्षा १८० दिवस ते २ वर्षं आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड अशी आहे. पण खिडकीतून नुसतं डोकावणाऱ्यासाठी २०१५ मध्ये २१.१७ हे वेगळं कलम आलं, तेव्हा पहिल्या वेळेची शिक्षा नुसता ५०० डॉलरपर्यंतचा दंड होती. हा फरक आम्हाला पटत नाही, पण तक्रार लिहिताना तो उपयोगी पडतो. डोकावणाऱ्याच्या हातात फोन होता का, तो कसा धरला होता, स्क्रीनचा उजेड दिसला का, हे मुलीने आठवून सांगितलं पाहिजे. त्यावर कलम बदलतं.

प्रश्न : बॉस्टनमध्ये ट्रेनमध्ये समोर बसलेल्या माणसाने फोन गुडघ्याखाली धरून माझ्या स्कर्टच्या आत फोटो काढल्याची मला खात्री आहे. रूममेट म्हणते सार्वजनिक जागी फोटो काढणं अमेरिकेत गुन्हा नाही. खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, बॉस्टन)

तुमच्या बाबतीत नाही. रूममेट म्हणते ते कधीकाळी याच शहरात, याच ट्रेनमध्ये खरं ठरलं होतं, म्हणून थोडा इतिहास. ग्रीन लाइनच्या गाडीत स्त्रियांच्या स्कर्टखाली फोटो काढणाऱ्या एका माणसाला २०१० मध्ये पोलिसांनी पकडलं. खटला मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ५ मार्च २०१४ ला न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारण एका शब्दप्रयोगात होतं. तेव्हाच्या कायद्यात पीडित व्यक्ती ‘नग्न किंवा अर्धनग्न’ असायला हवी होती, आणि ट्रेनमध्ये पूर्ण कपड्यांत बसलेली स्त्री त्या व्याख्येत बसत नव्हती. लोक संतापले. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली आणि ७ मार्चला गव्हर्नर देव्हल पॅट्रिक यांनी सही केली. दोन दिवसांत भोक बुजलं.

आता राज्याच्या कायद्यातल्या २७२ व्या प्रकरणाच्या १०५ व्या कलमात कपड्यांखालून किंवा कपड्यांभोवतून खासगी अंगाचं चोरून चित्रण करणं स्पष्टपणे गुन्हा आहे : अडीच वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते चित्रण पसरवलं तर ५ वर्षं आणि १०,००० डॉलरपर्यंत. जॉर्जिया राज्यातही असंच झालं होतं. २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने किराणा दुकानातल्या अशाच प्रकाराला जुना कायदा लागत नाही असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, आणि २०१७ मध्ये कायदा दुरुस्त झाला. राज्य बदललं की शब्द बदलतो, आणि शब्दावर सुटका होते.

तुम्ही आजच ट्रान्झिट पोलिसांकडे (ट्रेन-बससाठीच्या पोलिसांकडे) जा. गाडीची लाइन, दिशा, चढण्या-उतरण्याची स्थानकं, वेळ आणि डब्याच्या आत लिहिलेला क्रमांक द्या. क्रमांक आठवत नसेल तर तुमच्या कार्डावरची प्रवेशाची वेळ त्यांना पुरते. स्थानकाचं चित्रण कायम राहत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका. पुढे कधी असं झालं तर त्या माणसाचा चेहरा उघडपणे, फोन समोर धरून टिपायला हरकत नाही. आवाज मात्र लपून रेकॉर्ड करू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्याचं बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित करणं हाच मोठा गुन्हा आहे आणि तक्रारदारच अडकू शकतो.

प्रश्न : शेजाऱ्याने लावलेला कॅमेरा थेट आमच्या मागच्या अंगणात रोखलाय. आई तिथे सकाळी सूर्याला अर्घ्य देते, मुली पाण्यात खेळतात. पोलीस म्हणाले, त्याच्या घरावर त्याचा कॅमेरा. (एक वाचक, लाँग आयलंड, न्यूयॉर्क)

फौजदारीच्या बाजूने पोलिसांचं बरोबर आहे. न्यूयॉर्कचं चोरट्या टेहळणीचं कलम, २५०.४५, नग्नता किंवा खासगी अंग आणि खासगी जागा यांभोवती फिरतं. कपड्यांत अंगणात उभ्या असलेल्या आजी त्यात येत नाहीत. पण नागरी हक्क कायद्याचं ५२-ए हे कलम नेमकं तुमच्यासाठी आहे. ते २०१७ मध्ये आलं. शेजाऱ्याने लेखी संमतीशिवाय, त्रास देण्याच्या किंवा धमकावण्याच्या हेतूने, तुमच्या मागच्या अंगणातल्या विरंगुळ्याचं चित्रण करणारा कॅमेरा लावला तर तुम्ही त्याच्यावर दिवाणी दावा करू शकता. भाडेकरूलाही हा हक्क आहे.

अडतं ते ‘त्रास देण्याच्या हेतूने’ या शब्दांवर. म्हणून आधी रजिस्टर्ड पत्राने विनंती करा : कॅमेरा इतका वळवा, किंवा अ‍ॅपमधला तो भाग काळा करा (बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते). सोबत अंगणातून दिसणाऱ्या भिंगाचा फोटो जोडा. विनंतीनंतरही त्याने तो तुमच्याकडेच ठेवला, किंवा अंगणातल्या प्रसंगावरून टोमणे मारणारे मेसेज केले, तर हेतू दाखवायला कागद तयार झाला. लेसरने भिंग जाळण्याचे सल्ले इंटरनेटवर मिळतात. तसं केलंत तर नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर येईल.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये क्लीनरूमचा (धूळविरहित खोलीत घालायचा) पोशाख बदलायच्या खोलीत कंपनीने ‘चोरीसाठी’ कॅमेरा लावलाय. दारावर तशी पाटीही आहे. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

पाटीने भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याच्या ४३५ कलमानुसार स्वच्छतागृह, लॉकर रूम किंवा कपडे बदलण्यासाठी ठेवलेल्या खोलीत मालकाला कामगारांचं चित्र किंवा आवाज टिपता येत नाही. अपवाद एकच, न्यायालयाचा आदेश. अशा चित्रणाचा वापरही मालकाला करता येत नाही. त्या खोलीत तुम्ही अंगावरच्या कपड्यांवरूनच सूट चढवत असाल तर कंपनी म्हणेल की इथे ‘बदलणं’ होतच नाही. तेव्हा तक्रारीत बाक, खुंट्या, लॉकर, ‘गाउनिंग’ची (पोशाख चढवण्याची) पाटी आणि कोणी आतले कपडे बदलतं का, हे सगळं लिहा. आधी एचआरला ईमेल करा आणि प्रत आपल्या घरच्या पत्त्यावर ठेवा. मग लेबर कमिशनरकडे जाता येतं. कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावू नका, नोकरीवरून काढायला ते निमित्त होतं.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एफ-१ व्हिसावर शिकतो. त्याने रूममेट आणि त्याची मैत्रीण खोलीत असताना लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवला आणि तुकडा मित्रांच्या ग्रुपवर टाकला. म्हणतो, गंमत होती. विद्यापीठात तक्रार झालीय. रूममेटचे वडील आमच्या ओळखीचे निघाले, त्यांच्याशी बोलून मिटवू का? (एक वडील, नाशिक)

काका, फोन करू नका. इथे मुलासाठी सर्वांत घातक ठरू शकणारी गोष्ट हीच आहे. तक्रारदाराला किंवा त्याच्या घरच्यांना ‘तक्रार मागे घ्या’ म्हणणं न्यू जर्सीत साक्षीदारावर दबाव टाकण्याचा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. मुलानेही माफीचे मेसेज पाठवू नयेत. आणि भीतीने व्हिडिओ, ग्रुप, फोन यांतलं काही पुसू नये, तो पुरावा नष्ट करण्याचा आणखी एक गुन्हा. लॅपटॉप आहे तसा बंद करून ठेवायचा आणि वकिलाला सांगायचं.

गंमत हा बचाव नाही. वर सांगितल्याप्रमाणे टिपणं आणि दाखवणं हे इथे दोन वेगळे, तिसऱ्या दर्जाचे आरोप आहेत, आणि ज्यांचं चित्रण झालं त्या व्यक्ती दोन आहेत. याच राज्यात २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या वसतिगृहात वेबकॅमने रूममेटवर नजर ठेवण्याचं प्रकरण घडलं. त्या रूममेटने नंतर आत्महत्या केली, आणि आरोपी भारतीय वंशाचा विद्यार्थी होता. २०१२ मध्ये ज्युरीने त्याला दोषी धरलं, ३० दिवसांची कैद झाली, २०१६ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि शेवटी त्याने गोपनीयता भंगाच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला. सहा वर्षं गेली.

फौजदारी वकील आजच करा. विद्यापीठाच्या चौकशीत दिलेला जबाब फौजदारी खटल्यात वापरला जाऊ शकतो, म्हणून तिथे तोंड उघडण्याआधी वकील हवा. पोलिसांनी बोलावलं तर ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ एवढं एकच वाक्य. वकिलाला पहिल्या भेटीतच व्हिसाचा प्रकार सांगा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ निकालानुसार, गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर पाठवलं जाण्याचा धोका आहे का, हे बचावाच्या वकिलाने सांगणं बंधनकारक आहे. तुरुंगवास टळला म्हणून सुटलो असं वाटत असताना, कबुलीमुळेच व्हिसा जाऊ शकतो. अटक झाली तर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं मुलानेच पोलिसांना सांगावं लागेल. भारतीयांच्या बाबतीत पोलीस ते आपण होऊन करतीलच असं नाही, विनंती लागते.

प्रश्न : लग्न मोडलं. होणारा नवरा पुण्यात. नात्यात असताना मी स्वतः पाठवलेले फोटो तो आता माझ्या भावाला आणि ऑफिसच्या लोकांना पाठवतोय, आणि दागिन्यांची किंमत मागतोय. मी स्वतः पाठवले होते, मग तक्रार करता येते का? (एक वाचक, शिकागो)

येते. त्याने बघावेत ही संमती वेगळी आणि जगाने बघावेत ही वेगळी. तुमच्या इलिनॉय राज्यात संमतीशिवाय अशी खासगी चित्रं पसरवणं हा चौथ्या वर्गाचा गंभीर गुन्हा आहे, १ ते ३ वर्षं, आणि फोटो पीडितेने स्वतः काढलेला असला तरी फरक पडत नाही. हा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे असा आक्षेप राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. भारतात भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाचं दुसरं स्पष्टीकरण हेच सांगतं : चित्र काढायला संमती होती, पसरवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हा. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं. त्याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई कलम, आणि पैशाच्या मागणीसाठी खंडणीचं ३०८.

तो पुण्यात आहे, म्हणून जोर भारतातल्या तक्रारीवर द्या. शिकागोत अहवाल नोंदवून त्याची प्रत जोडा. भारताच्या राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही तक्रार टाकता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमानुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही व्हावी लागते, आणि दूर असणाऱ्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. म्हणून ईमेल टाकण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करून सही कशी स्वीकारतील ते विचारा. भावालाही जबाब द्यायला पाठवा. त्याला फोटो आले आहेत, म्हणजे तो थेट साक्षीदार आहे. त्याने ते मेसेज पुसू नयेत आणि कोणाला पुढेही पाठवू नयेत. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे, नुसतं नाव नको. फोन मूळ स्थितीत जपा. भारतात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलवरून तयार होणारा अंकी ठसा) लिहायचा असतो.

पैसे पाठवू नका. एक हप्ता गेला की मागणी थांबत नाही, आणि ‘व्यवहार होता’ असं तो म्हणू शकतो. दागिन्यांचा खरोखर हिशेब असेल तर तो वकिलामार्फत, वेगळ्या पत्राने.

पसरणं थांबवायला ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनवरच राहतो, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारी चित्रं त्या अडवतात. फोटो काटछाट करून टाकला तर ठसा जुळेलच असं नाही, म्हणून तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक रूपाचा ठसा द्या. अमेरिकेत १९ मे २०२५ ला ‘टेक इट डाउन’ कायद्यावर सही झाली. रीतसर विनंतीनंतर ४८ तासांत असं चित्र काढण्याचं बंधन त्याने संकेतस्थळांवर घातलं आणि व्यवस्था उभी करायला वर्षभराची मुदत दिली. एआयने बनवलेली बनावट चित्रंही त्यात येतात. विनंतीत चार गोष्टी लागतात : तुमची सही (टाइप केलेली चालते), चित्राचा नेमका दुवा, ते तुमच्या संमतीशिवाय टाकलंय असं एक वाक्य, आणि संपर्काचा पत्ता. दुवा देताना प्रोफाइलचा देऊ नका, त्या एका पोस्टचा द्या, नाहीतर विनंती अपुरी म्हणून परत येते. संपर्कासाठी नवीन ईमेल उघडा, ऑफिसचा नको.